नाव नसलेल्या रस्त्याचा पत्ता

१

पार्सलमधून बूट निघाले तेव्हा घरभर आनंद झाला होता. चिठ्ठी निघाली ती दहा मिनिटांनी.

गुलाबी रंगाचे, पांढऱ्या तळव्यांचे, खास पळायचे बूट होते ते. बारा वर्षांच्या अर्पितानं ते पायांत घालून अंगणात चार उड्या मारल्या. तिच्या आईनं, सवितानं, "मळवू नको लगेच," म्हणून दटावलं आणि खाटेवर बसलेल्या सटवाजी तात्यांच्या हातात चहाची बशी दिली. पार्सल तात्यांनीच आणून दिलं होतं, त्यामुळे चहावर त्यांचा हक्क होता. बूट बोटभर मोठे होत होते. ते काढून बघताना उजव्या बुटाच्या टोकात कोंबलेला कागद अर्पिताच्या हाताला लागला. तिनं तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला ती थांबली.

तिच्या वडिलांनी, मुंजाजीनं, कागद तिच्या हातून घेतला.

'बेटी, तुला अनवाणी पळताना बघून वाईट वाटतं. रोज सकाळी साडेसहाला टाकीपासून एकटीच पळतेस, रविवारीसुद्धा सुटी घेत नाहीस. शाब्बास. येत्या रविवारी मी टाकीजवळ गाडी घेऊन येतो. परभणीच्या मोठ्या मैदानावर सराव करू. घरी सांगू नको, सगळ्यांना चकित करू. तुझा काका.'

अर्पिताला एकच काका होता, पुण्यात, आणि बूट त्यानंच पाठवले असं सगळ्यांनी धरलं होतं. पण तो तिला 'ढब्बू' म्हणून हाक मारायचा आणि त्यानं आयुष्यात कुणाला चिठ्ठी लिहिलेली नव्हती.

मुंजाजी हा पिंपळवाडीचा रोजगार सेवक. शेतरस्त्याच्या नि विहिरीच्या कामावरच्या मजुरांची हजेरी घ्यायची, दिवसातून दोनदा त्यांचे फोटो वर पाठवायचे, साहेबांची बोलणी खायची आणि संध्याकाळी लेकीचं कौतुक करत बसायचं, असा त्याचा साधा दिवस. कुणावर ओरडायची त्याला सवय नव्हती. म्हणूनच तो ओरडला तेव्हा वाईट ओरडला.

"कुणाला सांगितलीस? कुठं पळतीस, कितीला पळतीस, कुणाला सांगितलीस मोबाईलवर?"

"कुणालाच न्हाई पप्पा. आईची शप्पथ."

"खोटं बोलू नकोस. ह्याला काय सपान पडलं का मग?"

शेजारच्या दोन बाया कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या. त्यांच्या देखत मुंजाजीनं लेकीला खोटारडी म्हटलं, अभ्यासासाठी दिलेला जुना मोबाईल काढून घेतला, आणि उद्यापासून पळणं बंद, पुढच्या शनिवारची परभणीची शर्यतही बंद, असा निकाल देऊन टाकला. अर्पिता रडली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तात्यांकडे बघत राहिली. पार्सल त्यांच्या हातानं आलं होतं.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि पार्सलचं फाटकं वेष्टन उचलून खिशात घातलं.

२

सटवाजी तात्यांनी चौतीस वर्षं पालमच्या पोस्टात टपाल वाटलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण लोकांच्या लेखी पोस्टमन म्हणजे तेच. त्यांच्या जागी आलेली राजेश्री हुशार पोरगी. तरी पत्ता लागला नाही की स्कुटी तात्यांच्या दाराशी उभी करायची. आज सकाळीही ती अशीच आली होती.

"मामा, हे बगा. नाव अर्पिता मुंजाजी. पुढं लिवलंय अननेम्ड रोड, पिंपळवाडी, तालुका पालम."

"ह्यो कोणता रोड?"

"नाव नसलेला रस्ता, असा अर्थ हाय त्याचा. पिंपळवाडीत समदीकडं विचारले. न्हाई म्हणले."

नावावरून तात्यांनी घर ओळखलं. मुंजाजीचं घर पालमच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागं. ओढ्याच्या अलीकडचं. पिंपळवाडी ओढ्याच्या पलीकडं. "दे, मीच देऊन येतो," असं ते म्हणाले, कारण सकाळपासून रिकामे बसून ते बेजार झाले होते आणि सविता चहा चांगला करते.

आता त्या चहाची चव त्यांच्या तोंडात कडू झाली होती. पत्त्याच्या बाबतीत तात्या फार कडक माणूस. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या एका बाईचा पत्ता विचारत तिचा दीर एकदा पोस्टाबाहेर उभा राहिला होता. तात्या म्हणाले, मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. त्यानं गचांडी धरली, सायकल ओढ्यात फेकली, तरी तात्यांनी सांगितलं नाही. चौतीस वर्षांत कुणाचा पत्ता त्यांच्या तोंडून फुटला नव्हता. आणि आज त्यांनीच असली चिठ्ठी पोरीच्या पायाशी नेऊन ठेवली होती.

दुपारी ते परत मुंजाजीकडे गेले. पोलिसांत चल म्हणाले.

"नको तात्या. पोरीची जात हाय. गावभर चर्चा होईल. आदी मला कळू द्या, बाहेर कसं गेलं ते."

"आज बुधवार. शनिवारपातूर मी शोधतो. सापडो न सापडो, शनिवारी ठाण्यात जायचं म्हंजे जायचं. कबूल?"

मुंजाजीनं मान हलवली. सविता मधे बोलली, "तात्या, त्या मेल्यानं एकटीच पळती असं कामून लिवलं असंल? हे तर रोज फटफटी घेऊन तिच्या मागं असतेत. एक दिवस खाडा न्हाई."

तात्या निघाले, ते पायरीवर थबकले. पण घरात मुंजाजीचा आवाज पुन्हा चढला आणि डोक्यात आलेला धागा सुटून गेला. दाराआडून अर्पितानं हळूच विचारलं, "तात्या, तुमाला तरी खरं वाटतं का माझं?"

"मला वाटून काय उपेग, बाई," तात्या म्हणाले. "मी दाखवूनच देतो."

म्हणाले खरे, पण कुठून सुरुवात करावी हे त्यांना ठाऊक नव्हतं.

३

गल्लीचा संशय मात्र संध्याकाळपर्यंत ठरूनही गेला होता. ईश्वरअप्पांचा शिवकांत.

टाकीच्या गल्लीच्या तोंडाशी ईश्वरअप्पांचं किराणा दुकान. अप्पा कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसायचे आणि वीस वर्षांचा शिवकांत गोडाऊनमधल्या पोत्यांवर बसून रील बनवायचा. त्यानं अर्पिताची तीन रील टाकली होती आणि त्यांतलं एक अर्ध्या जिल्ह्यानं बघितलं होतं. तात्या दुकानात शिरले तेव्हा अप्पांनी स्वतःच मुलाला पुढं ढकललं.

"विचारा तात्या, काय विचारायचं ते. ह्यानं काय केलं असंल तर मीच नेऊन देतो ठाण्यात."

"अप्पा, मी काई केलं न्हाई," शिवकांत कळवळून म्हणाला. "तात्या, बगा. तिन्ही बगा."

तात्यांनी चष्मा चढवून बघितलं. अर्पिता संथ गतीनं पळत होती, मागं केशरी आभाळ, वर कसलंसं ढोल वाजणारं गाणं. ना टाकी, ना गल्ली, ना पाटी. खाली गावाचं नावही नव्हतं.

"गाव कामून न्हाई लिवलास?"

"माज्या बहिणीच्या फोटोवरून मागं एकानं लय तकलीफ दिली होती. तवापासून पोरींचं गाव मी लिवतच न्हाई. चेहरा बी नीट दिसू देत न्हाई, बगा की. निस्ते पाय दाखवलेत."

तात्यांनी पाय बघितले. पायांत निळे बूट होते.

"हे कुणाचे?"

"शाळेतले, खेळाच्या योगीराज सरांकडून आणलेले. अनवाणी पाय चांगले दिसंनात, म्हणून घालायला लावले."

"सकाळी साडेसहाला काढलंस का हे?"

गल्ल्यावरून अप्पाच हसले. शिवकांत खाली बघून म्हणाला, "तात्या, साडेसहा मी निस्ते संध्याकाळचे बघितलेत."

तात्याही हसले, आणि पोराच्या पाठीवर थाप मारून उठले. चिठ्ठी लिहिणाऱ्याला पोर अनवाणी दिसली होती. रीलमधली पोर बूट घालून पळत होती. त्यानं शिवकांतची रील बघूनच पाठवलं असतं, तर बूट कशाला पाठवले असते? पायांत आहेतच की.

दाराशी अप्पा हळूच म्हणाले, "सरांना बी विचारा, तात्या. ते रोज पोरांचे फोटो काढून कुटं तरी पाठवायलेत. मी डोळ्यांनी बगतो."

४

योगीराज सर मैदानावर चुन्यानं रेघा मारत होते. उंच, हाडकुळा, चाळिशीचा माणूस. पालमच्या शाळेतून जिल्ह्याला पोर न्यायची हे त्यांचं आठ वर्षांचं स्वप्न, आणि ते स्वप्न म्हणजे अर्पिता. चौदा वर्षांखालच्या मुलींची सहाशे मीटर. शर्यत बंद हे ऐकून सरांच्या हातातला चुन्याचा डबा कलंडला.

"फोटो काढतो मी," ते म्हणाले. "काढावेच लागतात. सराव घेतला याचा पुरावा रोज वर पाठवायचा असतो. हे बघा."

त्यांनी मोबाईल पुढं धरला. वीस-पंचवीस पोरं रांगेत उभी होती. आणि फोटोच्या तळाशी एक काळी पट्टी होती, तीत बारीक अक्षरं नि आकडे.

"ही कसली पट्टी?"

"ठसा म्हणतो आम्ही. हा कॅमेराच वेगळा असतो. फोटो कुठं काढला, किती वाजता काढला, सगळं आपोआप खाली छापून येतं. म्हणजे घरी बसून जुना फोटो पाठवला असं साहेबांना वाटायला नको."

तात्यांनी पट्टी वाचली. शाळेचा रस्ता, पालम, पिनकोड, तारीख, संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं. पत्ता इतका बिनचूक की चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला क्षणभर त्याचा हेवा वाटला. मग त्यांना वेष्टनावरचा पत्ता आठवला.

"सर, रस्त्याला नावच नसलं तर?"

"तर तो अननेम्ड रोड असं छापतो."

खिशातलं वेष्टन तात्यांनी काढलं आणि सरांपुढं धरलं. सरांचा चेहरा उतरला.

"तात्या, देवाशपथ, मी हे फोटो ऑफिसच्या ग्रुपशिवाय कुठंही टाकलेले नाहीत. आणि टाकीकडं तर मी सकाळी कधी आलेलोच नाही."

ते खरं असावं. सरांच्या फोटोत अर्पिता पंचविसांतली एक होती, वेळ संध्याकाळची, रविवार तर एकही नव्हता. पण पत्ता माणसानं नव्हे, अशाच कॅमेऱ्यानं दिला होता, याबद्दल तात्यांच्या मनात आता शंका उरली नाही. पालममधलं शेंबडं पोरही त्या घराला टाकीची गल्ली म्हणतं. ओढ्याअलीकडच्या घराला पिंपळवाडी म्हणणारा इथला माणूस असूच शकत नव्हता. यंत्राला ओढा कुठला दिसायला.

"असा कॅमेरा अजून कुणाकुणाकडं असतो?" त्यांनी विचारलं.

"ज्याला ज्याला वर फोटो पाठवावे लागतात त्याच्याकडं. आम्ही मास्तर, अंगणवाडीच्या ताई, कृषी सहायक..." सर बोटं मोजता मोजता थांबले. चौथं बोट त्यांनी मोजलं नाही. दोघंही एकमेकांकडे न बघता रेघेकडे बघत राहिले.

५

त्या संध्याकाळी तात्या जेवले नाहीत. नर्मदाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं आणि नवऱ्याचा कल बघून जुना अल्बम काढला. तात्यांचं बिनसलं की त्या हाच उपाय करत.

जे मनात आलं होतं ते खरं नसावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मुंजाजीला त्यांनी चड्डीत फिरताना बघितलेलं. त्याच्या नोकरीचा कागदही तात्यांनीच नेऊन दिला होता. असला बाप दहा गावांत सापडायचा नाही. दुसरा कुणीतरी असेल, कृषी सहायक असेल, अंगणवाडीतली ताई असेल, असं ते स्वतःला समजावत होते.

"हे बगा, आपुन चारठाण्याला गेलतो तवाचे," नर्मदाबाई म्हणाल्या. "ह्या खांबापाशी मी. हितं मी. देवळाच्या पायरीवर बी मीच. सगळीकडं मी एकलीच भटकायले, जसं काय नवऱ्यानं सोडून दिलंय."

"मी व्हतो की तुझ्यासंगं."

"तुमी कुटं दिसतायत? एका बी फोटोत न्हाईत."

"मीच काढलेत तर मी कसा दिसंन—"

सविता दुपारी जे बोलली होती तो सुटलेला धागा आता आपणहून हातात आला. टाकीपाशी पहाटे दूधवाले असतात, फिरायला जाणारे असतात, पाण्याला आलेल्या बाया असतात. पोरीच्या मागं तिचा बाप असतो, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्यानं तिला डोळ्यांनी पळताना बघितलं, तो 'एकटी' लिहिणार नाही. लिहिणाऱ्यानं फक्त फोटो बघितले होते. रोजचे, रविवारचेसुद्धा. आणि त्या फोटोंत बाप नव्हता.

"काय झालं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

तात्यांनी अल्बम मिटला. "वाढ मला," ते म्हणाले. "उद्या एका माणसाचं काळीज तोडायचंय. उपाशीपोटी जमायचं न्हाई."

६

गुरुवारी सकाळी साडेसहाला तात्या टाकीपाशी गेले. मुंजाजी तिथं फटफटीवर एकटाच बसला होता. पळणं त्यानंच बंद केलं होतं, तरी सवयीनं उठून आला होता.

"मुंजा, लेकीचे फोटो काढतोस का रे तू रोज?"

"काढतो की." त्याचा चेहरा आपोआप फुलला. "रोज, निघायच्या आदी. तीन महिन्यांत एक दिवस चुकला न्हाई."

"कुणाला दाखवतोस?"

"सोयरावर टाकतो. आपले चार माणसं बगतेत, खूश होतेत."

सोयरा हे अ‍ॅप त्या वर्षी जिल्हाभर पसरलं होतं. तरणी पोरं त्याला म्हाताऱ्यांचं अ‍ॅप म्हणत आणि तिकडं फिरकत नसत. त्यामुळे शिवकांतला, अर्पिताला, कुणालाच त्यावर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. मुंजाजीनं मोबाईल काढला. झुंजुमुंजु उजेडात टाकीपाशी उभी असलेली अर्पिता, अनवाणी, हसरी. खाली काळी पट्टी. पुढचा फोटो, तोच. त्याच्या पुढचा, तोच. प्रत्येकावर सहा एकोणतीस, सहा तीस, सहा एकतीस. आणि एक घराच्या दारातला, वाढदिवसाचा. वर मुंजाजीनं लिहिलं होतं, 'माझी लेक अर्पिता आज बारा वर्षांची झाली.' खाली पट्टीत अननेम्ड रोड, पिंपळवाडी.

तात्यांनी वेष्टन त्या फोटोशेजारी धरलं. मुंजाजीनं एकदा वेष्टन वाचलं, एकदा पट्टी, आणि मग परत वेष्टन.

"ही पट्टी..." तो म्हणाला. "ही कामाची हाय, तात्या. मजुरांचे फोटो बिगरठशाचे पाठवले की साहेब म्हणतेत खोटे हायेत. मला वाटलं, लेकीचा बी तसाच टाकावा. न्हाईतर लोक म्हणतील, दुसऱ्याचीच पोरगी दाखवायलाय. ठसा असला की खरं वाटतं."

"आन् ही चार माणसं किती?"

आकडा दोन हजार आठशे चाळीस होता.

"एवढे कोण रे?"

"म्हाईत न्हाई. जे येतेत त्यांना घेतो. दारात आलेल्या पाव्हण्याला न्हाई कसं म्हणावं, तात्या?"

"पाव्हण्याला पाणी द्यावं, च्या द्यावा. लेक कुटं जाती, कितीला जाती, हे सांगतो का आपुन त्याला?"

मुंजाजी फटफटीवरून उतरला आणि टाकीच्या चौथऱ्यावर बसला. तात्या त्याच्या शेजारी बसले. मोबाईल त्याच्या हातात तसाच उघडा होता. रोजच्या फोटोखाली ओळखीचे-अनोळखी शाब्बास लिहीत होते. नागपूरचे कुणी गुरुजी, सेलूच्या कुणी ताई, आणि 'शुभचिंतक' नावाचा एकजण. त्यानं मागच्या आठवड्यात विचारलं होतं, 'बेटीच्या पायाचं माप काय?' मुंजाजीनं हात जोडल्याचं चित्र टाकून माप सांगितलं होतं, वर 'एक नंबर मोठाच घ्यावा लागतो' असंही. एवढ्यांना उत्तरं देता देता ते तो विसरूनही गेला होता.

"मला वाटलं चांगला माणूस हाय," तो म्हणाला. "शाब्बास म्हणायचा रोज. मी वाट बघायचो त्याची. आन् मी पोरीला... तिला खोटारडी म्हणलो, तात्या. बायांच्या देखत."

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाकीचे समदे चांगले बी असतील, मुंजा. पर तो एक कोणता, हे तुला फोटोवरून कळलं असतं का? त्याला मात्र फोटोवरून समदं कळलं."

"अर्पिताला तुमी सांगा."

"मी न्हाई. ठाण्यात मी येतो तुझ्यासंगं. हे तुलाच सांगायचंय."

७

ठाण्यातल्या फौजदारीणबाईंनी चिठ्ठी वाचली, फोटो बघितले आणि पहिल्यांदा काय सांगितलं, तर आज खात्यावरचं काहीच पुसू नका. रविवार होऊ द्या. पोरीला तेवढं घरात ठेवा.

रविवारी सकाळी टाकीपाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. आतून उतरलेला माणूस पन्नाशीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला, हातात पेढ्यांचा पुडा. रस्त्याकडेच्या तुरीतून दोन शिपाई नि फौजदारीणबाई बाहेर आल्या, आणि पेढे रस्त्यावर सांडले. तो लांबच्या जिल्ह्यातला निघाला. त्याच्या मोबाईलमध्ये अर्पिताचे एकोणनव्वद फोटो होते. आणि आणखी तीन गावच्या तीन मुलींचेही होते, त्यांच्याही खाली असल्याच पट्ट्या. फौजदारीणबाईंनी त्याच दिवशी त्या तिन्ही गावांना फोन लावले. पालममध्ये मुलीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, कारण बाईंनी ते कुठं लिहू दिलं नाही आणि टाकीच्या गल्लीनं, सगळं ठाऊक असून, तोंड मिटून ठेवलं. तात्यांना गल्लीचा फार अभिमान वाटला.

मुंजाजीनं लेकीला गुरुवारीच सांगितलं होतं. घरात सांगून तो थांबला नाही. त्यानं शेजारच्या दोघी बायांना भिंतीपाशी बोलावलं आणि त्यांच्या समोर म्हणाला, "काल मी हिला खोटारडी म्हणलो. खोटं हिनं केलं न्हाई. चूक माझी हाय. हिचा पत्ता मीच वाटला, हिला न विचारता."

अर्पिता आत निघून गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि बोलायला लावायचं नाही असं सवितानं बजावलं होतं. रविवारी दुपारी तो तिच्यासमोर मोबाईल घेऊन बसला. अर्पितानं ते खातं उघडलं, एकेक फोटो खाली सरकवत तीन महिन्यांतल्या स्वतःला बघत गेली. मग म्हणाली, "छान काढलेत, पप्पा." आणि मुंजाजीला रडू कोसळलं, इतकं की सविता पाणी घेऊन आली. फोटो पोलिसांकडे गेले होते, आता पुसायला हरकत नव्हती. बापलेकीनं मिळून ते सगळे काढून टाकले आणि खातं बंद केलं.

सोमवारी सकाळी ती पाय धुऊन दारात उभी राहिली. "चला की. मागं या तुमी. मोबाईल घरी ठिवा."

शनिवारी परभणीला सहाशे मीटरमध्ये अर्पिता तिसरी आली. योगीराज सर मैदानावर लहान पोरासारखे नाचले. संध्याकाळी मुंजाजीच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली. ईश्वरअप्पा पेढे घेऊन आले, राजेश्री ड्युटीवरून थेट आली, तात्या नि नर्मदाबाई खाटेवर बसले. शिवकांत म्हणाला, "काका, फोटो दाखवा की."

"न्हाई काढला," मुंजाजी म्हणाला. "सांगतो."

आणि त्यानं उभं राहून सांगायला घेतलं. सुटण्याची शिट्टी, पहिल्या चक्करला मागं राहिलेली अर्पिता, सेलूच्या पोरीचा तिला लागलेला धक्का, मग तिनं मान खाली घालून धरलेला वेग. हात नाचवत, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत त्यानं सांगितलं. जेमतेम दोन मिनिटांची गोष्ट सांगायला त्यानं वीस मिनिटं लावली. शेवटच्या वळणावर त्यानं चार जणींना मागं टाकलं.

"दोघी होत्या पप्पा," स्वयंपाकघराच्या दारातून अर्पिता म्हणाली.

"मला दिसल्या तशा सांगायलाव मी. तुझा चेहरा असा झालता," आणि त्यानं दात आवळून, डोळे बारीक करून दाखवलं. बाया हसल्या. अर्पिताही हसली, आणि हातातलं ताट तसंच धरून बाहेर आली. पळताना आपण कशा दिसतो हे तिला कुणी असं कधी सांगितलं नव्हतं. ती पायरीवर बापाच्या पायाशी बसली.

"ते शेवटचं वळण," ती म्हणाली, "परत सांगा."